एका वेळी एकच फोटो

राजेशम मामांकडे फोटो जेपीजी करून घ्यायला गेलात, तर आधी फोटोतला माणूस कोण ते सांगावं लागतं. नुसतं नाव चालत नाही. तुमचा कोण, गाव कुठलं, अंगातला शर्ट त्याचाच की फोटोपुरता मागून घेतलेला, भुवईवर खोक कशाची, एवढं सगळं झाल्यावर मामा माऊसला हात लावतात. आमच्या शेजारच्या शांताबाई एकदा जावयाचा फोटो घेऊन गेल्या आणि जावयाशी चाललेलं भांडण निम्मं मिटवून परत आल्या. फोटो मात्र तिथेच विसरल्या.

हे मी कौतुकानं सांगत नाहीये. मी वस्तीच्या समितीची कार्यकर्ती. पत्रकं लिहिते, वाटते, आणि पत्रक फाडणाऱ्याच्या दारात उभी राहून पुन्हा वाचून दाखवते. एका मिनिटाच्या कामासाठी माणसाला अर्धा तास बसवणं म्हणजे छळ, मग तो कार्यालयातला साहेब करो नाहीतर शेजारचा म्हातारा, हे माझं स्वच्छ मत होतं. ते मी मामांना तोंडावर सांगितलं होतं.

"आगू," मामा म्हणाले. आगू म्हणजे तेलुगूत थांब. मामांचं निम्मं बोलणं या एका शब्दात होतं. "तू लई पळतीस पोरी. फोटो पळतोय का?"

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नव्या भारी फोनांत फोटो कमी जागेत मावावेत म्हणून ते एका वेगळ्याच प्रकारात साठवले जातात. त्याचं नाव एचईआयसी. फोनवर फोटो झकास दिसतो. तोच शिष्यवृत्तीच्या, रेशनच्या, पेन्शनच्या अर्जाला जोडायला जा, लाल अक्षरं येतात : फाइल अमान्य. कारण तिकडे फक्त जुना, सगळीकडे चालणारा जेपीजी लागतो. मी यावर पत्रक काढलं होतं. 'ज्याचा चेहरा तुमच्या यंत्राला उघडता येत नाही, त्या नागरिकानं काय चेहरा बदलून यायचं?' असा मथळा. मथळा गाजला, यंत्र तसंच राहिलं, आणि लोक मामांच्या दारातल्या बाकड्यावर बसत राहिले.

मामांचा हात या कामात कसा आला, त्याचंही एक शास्त्र आहे. ते उभा जन्म चादरीच्या कारखान्यात डिझाइनची कार्डं पंच करायचे. म्हणजे चादरीवर मोर हवा असेल, तर आधी चौकटीच्या कागदावर मोर काढायचा, मग त्या मोराप्रमाणे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि त्या पट्ट्यांची माळ मागावर चढवायची. पुढे हे काम संगणकावर गेलं, तसे मामाही साठीच्या आसपास संगणक शिकले. कारखाना सुटला, जुना संगणक घरी आला. मामी गेल्यापासून घरात तो आणि मामा, दोघंच.

"माग आंधळा असतोय की," ते बाकड्यावरच्या प्रत्येकाला समजावतात. "त्येला मोर दिसत न्हाय. भोकंच कळतात. तसंच ह्ये. त्येला कळंल असं करून द्यायचं, आन् मोर मोडायचा न्हाय."

मी म्हटलं, "मामा, ढिगानं साइट आहेत. शंभर फोटो टाका, एका दमात बदलून मिळतात."

"कुणाच्या मशीनवर टाकू? लेकीबाळींचे फोटो हायत. तू वळखतीस का त्या मशीनवाल्याला?"

मी चिडले.

आता मुख्य गोष्ट. आमच्या वस्तीत एक अभ्यासिका आहे. एक खोली, चार लांब टेबलं, दोन पंखे, त्यातला एक फिरतो. आमच्याकडची घरं दहा बाय बाराची. घरात विड्या वळायच्या, स्वयंपाक व्हायचा, टीव्ही लागायचा, मग मुलींनी पुस्तक उघडायचं कुठे? त्या तिथे बसतात. कुणी पोलीस भरतीची, कुणी नर्सिंगची. एक दिवस दारावर नोटीस लागली. खोली वापरात नसल्यानं गोदामासाठी घेण्यात येत आहे, हरकत असल्यास पुराव्याच्या पाच फोटोंसह शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत ऑनलाइन नोंदवावी. वापरात नाही म्हणे. आत चाळीस मुली बसलेल्या असताना दारावर डकवून गेले.

माझ्याकडे दादानं पुण्याहून पाठवलेला त्याचा जुना आयफोन आहे. मी त्रेचाळीस फोटो काढले. शुक्रवारी दुपारी जोडायला बसले. फाइल अमान्य. मला वाटलं, नावाच्या शेपटीला एचईआयसी आहे म्हणून अडवतायत. मी लॅपटॉपवर त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फाइलींची शेपटी खोडून जेपीजी लिहिलं. बदलायला पाऊण तास गेला. पुन्हा अमान्य. व्हॉट्सअॅपवरून पाठवून बघितले, तर फोटो घेतले गेले, पण इतके बारीक झाले की भिंतीवरचं वेळापत्रक वाचता येईना. तीन वाजले होते. मी फोन घेऊन मामांकडे पळाले आणि शेपटीचा पराक्रमही सांगून टाकला.

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "चादरीवर टॉवेलची चिठ्ठी लावलीस. अंग पुसून बघितलं का?"

"मामा, पाचला बंद होणार आहे. सगळे एकदम करा. आज चौकशी नको."

"आगू. एकेक."

आणि मामांनी पहिला फोटो उघडला. तो त्यांनी मोठा केला, कोपरे तपासले, चादरीतला तुटका धागा शोधावा तसे. "हितं कोण?"

"मी."

दुसरा. "हितं?"

"मी आणि समितीचे लोक. मागे फलक आहे बघा, 'अभ्यासिका आमच्या हक्काची'."

"मुली कुटं हायत?"

"फलकाच्या मागे."

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. सतरा फोटो असेच गेले. सतरांत मी, माझी मूठ, माझा फलक. साडेतीन झाले. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. पत्रकात चाळीस मुली म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिणारी मी, आणि एका फोटोत मुलगी दिसेल तर शपथ.

अठराव्यापासून मी आतले काढलेले होते. तिथे मामा रमले. ही कोण, बाप काय करतो, कशाचा अभ्यास. मी भराभर सांगत होते. एका फोटोपाशी ते थांबले. नर्सिंगची तयारी करणारी निशा पुस्तकावर डोकं ठेवून गाढ झोपली होती, तोंड उघडं. मी म्हटलं, "हा काढून टाका, फजिती होईल."

"ह्योच पयला जोडायचा."

"झोपलीये ती."

"म्हणूनच की. कुणी गोदामात येऊन झोपतंय व्हय? सकाळधरनं बसलीया, म्हणून झोप लागली. आन् हितं बघ, कोपऱ्यात." त्यांनी फोटो मोठा केला. निशाच्या कोपराखाली त्याच आठवड्याचं वर्तमानपत्र होतं, तारीख वाचता येत होती. मी तो फोटो दहा वेळा पाहिला होता. तारीख एकदाही पाहिली नव्हती.

मग मात्र मला चढलं. आम्ही दोघं शिकाऱ्यांसारखे फोटो धुंडाळू लागलो. चपलांचा ढीग सापडला. हजेरीची वही सापडली, त्यात त्या दिवसाच्या सह्या. भिंतीवरचं वेळापत्रक सापडलं. फिरणाऱ्या पंख्याखाली दाटीवाटीनं बसलेल्या अकरा जणी सापडल्या, आणि बंद पंख्याखाली एकटी हट्टानं बसलेली बारावी. "हिला नोकरी लागंल," मामा म्हणाले. पाच फोटो झाले. एकेक बदलला, उघडून पाहिला, जोडला. पाचला आठ मिनिटं असताना पोचपावतीचा नंबर आला. मी मामांचा हात धरून गदागदा हलवला. ते म्हणत होते, "माऊस, माऊस पडंल."

त्या धुंदीत मी फोन खाली-वर करत बसले होते. ही कटकट मुळातूनच उपटायची, म्हणून सेटिंगमध्ये शिरले. कॅमेरा, त्यात फॉरमॅट, त्यात दोन पर्याय. दुसऱ्यावर बोट ठेवलं की फोन यापुढचे फोटो जेपीजीतच काढणार. एवढंच. बदलण्याची गरजच नाही.

"मामा, हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं."

माझा सभेतला आवाज लागला. दोन वर्षं तुम्ही लोकांना बाकड्यावर बसवून ठेवता, म्हाताऱ्या बायका उन्हातून येतात, एक बटण सांगितलं असतं तर सगळ्यांचा त्रास एका दिवसात संपला असता. आणखीही बरंच बोलले.

मामांनी संगणक बंद केला. त्यावर घालायचा जुना टॉवेल झटकला, नीट घडी जुळवून घातला.

"सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर माणूस एकदाच आला असता की."

मी फोन पिशवीत टाकला आणि घरी आले. वाटेत मथळा आपोआप सुचला : 'फोटो बदलू नका, सेटिंग बदला.' चांगला मथळा होता. ते पत्रक मी काढलं नाही. माहिती लपवू नये हे माझं मत आजही तेच आहे, कुणी विचारलं तर सांगतेही. अजून कुणी विचारलेलं नाही.

तीन आठवड्यांनी अभ्यासिकेच्या दारावर दुसरा कागद लागला. खोली वापरात असल्याचे आढळल्याने आधीची नोटीस रद्द. आत मुलींनी टेबलं बडवून छत डोक्यावर घेतलं होतं. मी कागदाचा फोटो काढला आणि थेट मामांकडे गेले. म्हटलं, मोठा प्रिंट काढून भिंतीवर लावायचाय.

त्यांनी फोन संगणकाला जोडला. फाइलीच्या नावाला शेपटी एचईआयसीचीच होती. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं.

चार ओळी, एक सही आणि एक शिक्का, एवढाच तो कागद. मामांना तो बघायला अर्धा तास लागला. मला घाई नव्हती.