चिलरची दाढी

खोडके दर गुरुवारी येतात आणि आमच्या चिलरची दाढी करतात.

थट्टा नाही. खरीच दाढी. त्यांच्या पिशवीत ॲल्युमिनियमचा एक मग असतो, दाढीचा साबण असतो आणि निम्मे केस झडलेला ब्रश असतो. मगात कोमट पाणी घ्यायचं, साबण फेसायचा आणि तांब्याच्या पाइपांच्या जोडांवर, नटांवर, वाल्वच्या गळ्याभोवती तो फेस लावत जायचं. हात चालू तसं तोंडही चालू. "हं, मान वर कर. आता इकडची बाजू. हालू नोको, बाई." मग गुडघ्यांवर हात टेकून बसायचं आणि बघत राहायचं. कुठं गॅस गळत असेल तर तिथं फेसातून बुडबुडा वर येतो. नाही आला तर खांद्यावरच्या पंचानं नट पुसायचा आणि म्हणायचं, "झाली दाढी. चला, पुढचं गिऱ्हाईक."

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाचं डोकं उन्हानं फिरलंय. पण तेव्हा फेब्रुवारी होता.

मी शिंदे, कराडकडचा. शाळा चौथीपर्यंत, तीही बळंच. फौजेत स्वयंपाकी होतो. सुटल्यावर मुलाच्या नोकरीमुळं इकडं पंजाबातच राहिलो. झिरकपूरला मी आणि बायको राहतो आणि एयरोसिटीजवळच्या एका मोठ्या ऑफिसबिल्डिंगच्या तळघरात मी प्लांटरूम सांभाळतो. चिलर म्हणजे पाणी गार करायचं यंत्र, टेम्पोएवढं. ते गार पाणी पाइपांनी सगळ्या मजल्यांवर फिरतं आणि वरची माणसं भर मे महिन्यात स्वेटर घालून बसतात. मी खाली बनियनवर. मी एक दिवस बटण दाबलं नाही तर काय होईल हे त्यांना माहीत नाही. मीही सांगायला जात नाही. आता पाय दुखतात, एवढे जिने चढून कोण सांगणार.

तर गेल्या सोमवारी बिल्डिंगच्या इंजिनियर मनप्रीत मॅडम खाली आल्या आणि म्हणाल्या, खोडकेंचा गेटपास पुढं चालू ठेवायचा की बंद करायचा, ते तुम्ही सांगा. नवीन नियम आला होता. बाहेरच्या माणसाला तळघरात काम असेल तरच सोडायचं. काम नसेल तर पास नाही. आणि चिलरला गळती अजून आहे की नाही, हे रोज तिच्याशेजारी बसणाऱ्या मलाच ठाऊक, असं त्यांचं म्हणणं.

मला कुणी विचारलेलं आवडतं. पण हे विचारायला नको होतं.

खोडके आमच्याकडं आले ते मॅडमनीच आणलेले. दर उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीची पोरं यायची, गॅस कमी झालाय म्हणायची, वरून भरायची आणि जायची. मॅडमना ते पटेना. कुणीतरी त्यांना सांगितलं, एअरफोर्समधून रिटायर झालेला एक म्हातारा आहे, आयुष्यभर गार करायच्या मशिनीच दुरुस्त केल्यात. म्हातारा आला. पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खांद्यावर पंचा. मॅडमनी विचारलं, "अंकल जी, गैस कितनी डलेगी?" म्हातारा चिलरकडं बघत मराठीतच पुटपुटला, "गॅस सरत नाही बाप्पा. गॅस जाते. कुठून जाते थे पाहा ना आधी."

मी स्टुलावरून म्हणालो, "अकोल्याकडचे काय?"

त्यांनी मान अशी वळवली की मला वाटलं लचकली. "मूर्तिजापूर. तुम्ही?"

तिथून जे सुरू झालं ते आजपर्यंत थांबलेलं नाही.

गळती त्यांनी शोधली, कबूल करतो. कॉम्प्रेसरच्या मागं, हात जेमतेम जाईल अशा जागी एक वाल्व आहे, त्याच्या नटावर बुडबुडा आला. बारीक, मोहरीएवढा, असं ते म्हणाले. खोडके त्याच्याकडं असे बघत बसले की जणू नातू झालाय. मग सगळा गॅस सिलिंडरमध्ये काढून घेतला, नट बदलला, पंप लावून आतली सगळी हवा ओढून काढली. त्यानंतर पंप बंद करून नुसतं थांबायचं असतं. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जागचा हलला तर अजून कुठंतरी गळतंय. नाही हलला तर गॅस भरायला हरकत नाही.

ह्या थांबण्याच्या वेळात बोलायचं नाही, हा खोडकेंचा कायदा.

"बोललं म्हणून काटा हलतो काय?" मी विचारलं.

"बोलू नोका. तिनं दम धरला आहे."

"तिनं धरलाय. मी कशाला धरू?"

"शिंदेभाऊ, एखादी बाई दम धरून उभी असली तर तिच्यापुढे आपण चणे खात नसतो."

मी चणेच खात होतो. तसाच मूठ मिटून बसलो. आख्खी दुपार. फौजेत जनरलसाहेब आले तरी मी इतका गप्प बसलो नव्हतो.

काटा हलला नाही. गॅस भरला. चिलर अशी चालायला लागली की पाइपाला हात लावला तर गारठ्यानं हात मागं घ्यावा लागे. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात खोडके पिशवी आवरताना म्हणाले, "अजून एक बारीक आहे कुठंतरी. गुरुवारी येतो."

ते आले. पुढच्या गुरुवारी पुन्हा. फेस लावायचा आणि मला बोलवायचं. "पाहा बरं, भाऊ. दिसून राहिला का?"

आता माझी अडचण सांगतो. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मला तो नट धड दिसत नव्हता, त्यावरचा बुडबुडा कुठून दिसणार. पण ह्या तळघरात सगळं माझ्या नजरेखाली चालतं असं मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. एका वऱ्हाडी माणसापुढं म्हणू की दिसत नाही? मी वाकून, मान डोलावून म्हणायचो, "दिसतोय की."

"बारीक आहे नाही?"

"बारीकच आहे."

एवढं झालं की दाढीचं काम बाजूला आणि आमचं भांडण सुरू. शेंगदाण्याची चटणी बरी की जवसाची. ते डब्यात जवसाची आणायचे, मी शेंगदाण्याची. दोघंही दुसऱ्याची संपवायचो आणि नावं ठेवायचो. त्यांचं ते 'करून राहिलो, जाऊन राहिलो' ऐकून माझं डोकं उठायचं. मी म्हणायचो, "राहिलात कुठं? करा आणि मोकळे व्हा." ते म्हणायचे, "तुमचं घाटावरचं बोलणं म्हणजे दगड फोडल्यासारखं. आमच्याकडे माणसाशी बोलतात." चिलर शेजारी घरघरतेय, आम्ही एकमेकांच्या कानात ओरडतोय. संध्याकाळी घरी गेल्यावर बायको म्हणायची, आज गुरुवार ना, घसा बसलाय तुमचा.

त्यांचा ब्रश मात्र कुणी धरायचा नाही. एकदा मी चांगल्या मनानं तो नळाखाली धुऊन ठेवला. त्यांनी तो उचलला, उजेडात धरला, एक-एक केस बघितला. "कोणी हात लावला?" म्हणाले. त्या दिवशी चटणीची डबीसुद्धा उघडली नाही.

पाडव्याला मी त्यांना जेवायला बोलावलं. बायकोनंच लावून धरलं, एकटा माणूस आहे म्हणाली. एकटा कसा? झिरकपूरलाच मुलाकडं राहतात, उंच बिल्डिंगीत, सून आहे, नातू आहे. पण बायकोचं डोकं वेगळं चालतं. मी विचारलं तर खोडके म्हणाले, "काम काय आहे?"

"जेवायचंय."

"जेवणं हे काम नाही, भाऊ. काम नसताना माणसानं कोणाच्या दारात उभं राहू नये. मले जमत नाही थे."

घरी येऊन मी तसंच सांगितलं. बायकोनं माझ्या हातातला फोन घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, आमचा फ्रिज नीट गार करत नाही. पाडव्याला श्रीखंड नासंल." फ्रिजला काहीही झालेलं नव्हतं. भिंतीसारखा बर्फ धरत होता.

पाडव्याला सकाळीच खोडके दारात, पिशवीसकट. पाणीसुद्धा घेतलं नाही. दाराच्या रबरात कागदाचा कपटा अडकवून चारी बाजूंनी ओढून बघितला, मागची जाळी झाडली, फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढं ओढला आणि म्हणाले, "आता होईल गार." मग हात धुतले आणि पाटावर असे बसले की दिवस कलला तरी उठायचं नाव नाही. बायकोशी आंबाडीच्या भाजीवर बोलले, उन्हातल्या वाळवणावर बोलले. त्यांच्या गेलेल्या बायकोचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, सुमन. मध्येच म्हणाले, "नातवाले समजते सारं. पण उत्तर हिंदीत देते. मी म्हणतो, बस बाप्पा इथं. तो म्हणते, दादू, अभी नहीं." आणि हसले. बायकोनं आणखी श्रीखंड वाढलं.

मी तेव्हा एवढंच मनात धरलं की माणूस खातो फार.

मे महिन्यात मुलानं मला ओढत नेऊन डोळ्यांचं ऑपरेशन करवलं. आधी एक, मग दुसरा. बरेच दिवस घरी बसून होतो, काळा चष्मा लावून. माझ्या जागी दुसरा माणूस ठेवलेला, इथलाच. मी परत कामावर गेलो तर गेटवरचा गार्ड म्हणाला, "अंकल जी, आपके दोस्त आते थे वीरवार को. नीचे जाते, आपका स्टूल देखते, और ऊपर आ जाते. बैग भी नहीं खोला जी." वीरवार म्हणजे इकडचा गुरुवार.

"दोस्त नहीं है," मी म्हणालो. "काम के लिए आता है."

त्याच गुरुवारी खोडके आले. मला बघितलं आणि सरळ फेस करायला बसले. साबण जरा जास्तच फेसला. नटावर लावला आणि म्हणाले, "पाहा बरं, भाऊ. दिसून राहिला का?"

मी वाकलो. आणि ह्या वेळी मला दिसलं. नट दिसला, नटाचे कोपरे दिसले, फेसाचा कण न् कण दिसला. फेस तसाच होता. कुठं काही हलत नव्हतं. पाइपात एक छोटी काचेची खिडकी असते, आत गॅस कमी पडला की तिच्यातून बुडबुडे पळताना दिसतात. तिच्यातही बघितलं. विहिरीच्या पाण्यासारखी निवळ. ही चिलर फेब्रुवारीतच बरी झालेली होती.

मान वर केली. खोडके नटाकडं बघतच नव्हते. माझ्याकडं बघत होते. फेसाचे हात तसेच, आणि चेहरा असा, दाराबाहेर उभ्या माणसाचा.

"दिसतोय की," मी म्हणालो. सवयीनं गेलं तोंडातून. निदान मला तसं वाटलं.

आणि सोमवारी मॅडम आल्या. हातात त्यांचं गळती शोधायचं यंत्र होतं, नळीवालं, गॅस लागला की टीं टीं करतं. त्यांनी ते सगळ्या जोडांवरून सावकाश फिरवलं, मागच्या वाल्वपाशीसुद्धा. यंत्र गप्प. मग माझ्याकडं वळल्या. "अंकल जी, अब तो आँखें भी बन गईं आपकी. बताओ, लीक है या नहीं?"

आयुष्यात मी कामाच्या बाबतीत खोटं बोललो नाही. डाळ करपली तर करपली म्हणून सांगितलं, मग कुणाचं तोंड का वाकडं होईना. उद्या खोडकेंना पास नाही मिळाला तर ते माझ्या घरी येतील का? येणार नाहीत. फ्रिज कितीदा बिघडवायचा.

"है जी," मी म्हणालो.

"कहाँ?"

मी उठलो, पाय अवघडलेले, आणि मागच्या वाल्वकडं बोट केलं. "वहाँ. बहुत बारीक है. मशीन को नहीं समझता. कभी दिखता है, कभी नहीं दिखता."

मॅडमनी त्या वाल्वकडं बघितलं. मग माझ्या स्टुलाकडं बघितलं, शेजारी उलट्या ठेवलेल्या बादलीकडं बघितलं, तिच्यावर खोडके बसतात. फळीवर चटणीच्या दोन डब्या होत्या. यंत्र बंद करून त्यांनी नळी गुंडाळली.

"फिर तो आना पड़ेगा उनको," त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

काल गुरुवार. खोडके नवीन पास गळ्यात घालून आले. तोच ॲल्युमिनियमचा मग, साबण, कोमट पाणी. मागच्या वाल्वपाशी बसले, फेस लावला, गुडघ्यांवर हात ठेवले. मी शेजारी बसलो. आम्ही दोघं त्या पांढऱ्या फेसाकडं बघत राहिलो. तो हळूहळू सुकत गेला.

"दिसून राहिला का, भाऊ?"

"दिसतोय. आज जरा जास्तच बारीक आहे."

"हाव," ते म्हणाले. पंचानं नट पुसला. मग मगात ब्रश बुडवला, कडेला दोनदा टेकून पाणी निथळवलं आणि दांडा माझ्याकडं केला.

"थो खालचा नट तुम्ही करा," म्हणाले. "दोघं असले म्हणजे काम नीट होते. वेळ लागते जरा."

मी ब्रश घेतला. जवसाच्या चटणीत लसूण कमी पडतो, ह्या मुद्द्यावर आम्ही आलो.