झिजले की विकायची

दंतवैद्यांनी आपली लाल स्पोर्ट्‌स कार आपल्याच फाटकाला धडकवली, आणि उतरल्यावर पहिलं वाक्य काय बोलले, तर "टायर गेलेत."

त्यांची लेक दारातच उभी होती. ती विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायची, त्यामुळे धडकेनंतरचं पहिलं वाक्य कितपत खरं असतं हे तिला चांगलंच ठाऊक होतं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," ती म्हणाली. "बाबा, ब्रेक उशिरा दाबलात."

"वेळेवर दाबला. गाडीच घसरली. पानं ओली होती."

"पानांचा दोष की टायरांचा? एकच काय ते ठरवा."

गाडी दोन माणसांची, बुटकी, आणि वयाने लेकीहून थोडीच लहान. दवाखाना बंद केल्यापासून दंतवैद्यांचा दिवस तिच्यापासूनच सुरू व्हायचा. दूध कोपऱ्यावर मिळायचं, पण ते आणायला हे टेकडीला वळसा घालून जात. शेजाऱ्यांना वाटे, तिकडचं दूध चांगलं असेल. दूध तेच होतं. वळणं चांगली होती.

टायरवाल्याने चारही टायर अंगठ्याने दाबून पाहिले. "नक्षी शाबूत आहे, डॉक्टर, पण रबर म्हातारं झालंय. पार दगड. चारही बदला."

दंतवैद्यांनी लेकीकडे विजयी मुद्रेने पाहिलं. तो विजय फार टिकला नाही.

"ठीक आहे, नवे घेऊ," लेक म्हणाली. "पण हे शेवटचे. हे झिजले की गाडी विकायची. मला रोज सकाळी जीव मुठीत धरून चहा प्यायचा नाही."

"कबूल," दंतवैद्य इतक्या चटकन म्हणाले, की तिला तेव्हाच संशय यायला हवा होता. मग ते टायरवाल्याकडे वळले. "सगळ्यात जास्त टिकतात कोणते?"

टायरवाल्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे. "टिकायला हे टणक रबराचे. टॅक्सीवाले नेतात, झिजता झिजत नाहीत. पण या गाडीला ते म्हणजे पळणाऱ्याच्या पायात खडावा."

"खडावा चालतील."

"आणि पकड कशाची चांगली?" लेकीने विचारलं.

"पकड म्हणाल तर हे मऊ. खास अशाच गाड्यांचे. ओल्या रस्त्यालाही चिकटून राहतात. फक्त झिजतात लवकर. दामटलीत तर वर्ष-दीड वर्ष."

"हेच द्या," लेक म्हणाली. एका दगडात दोन पक्षी. बाप घसरणार नाही आणि गाडीही लवकर जाईल.

"मऊ रबर चांगलं नसतं," दंतवैद्य म्हणाले.

"का?"

"एकंदरीतच."

टायरवाल्याने मधल्या प्रतीचा एक टायर पुढे ढकलून पाहिला. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

"जिवापेक्षा टिकाऊपणा मोठा का, बाबा?"

यावर काय बोलणार? जन्मभर रोग्यांना "कवळीत काटकसर करू नका" म्हणून दरडावलेला माणूस. खरं कारण सांगावं, तर मनातला डाव उघडा पडतो. आपलेच दात, आपलेच ओठ. मऊ टायर बसले.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर दंतवैद्यांना चक्क हसू फुटलं. गाडी वळणात शिरायची ती रस्ता घट्ट धरूनच. एकटा माणूस गाडीत मोठ्याने हसतो तेव्हा तो सुखी असतो, त्यात शोधण्यासारखं दुसरं काही नसतं. घरी येऊन त्यांनी दात तपासायचा बारका आरसा काढला, टायरांच्या खाचा पाहिल्या, आणि ते सुख तिथेच संपलं. खाचा कमी झाल्यासारख्या वाटत होत्या. एका दिवसात असं होत नाही हे त्यांनाही कळत होतं, पण कळतं आणि वळत नाही त्यातला प्रकार.

मग टेकडी बंद झाली. दूध सरळ रस्त्याने येऊ लागलं, तेही एक दिवसाआड. ब्रेक दाबायलाच नको म्हणून दंतवैद्य सिग्नलच्या कितीतरी आधीपासून रांगू लागले, तेव्हा मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून त्यांचा उद्धार केला. शेवटी दूध पायीच येऊ लागलं. त्यावरही समाधान होईना, तेव्हा उभ्या गाडीचा भार टायरांवर नको म्हणून त्यांनी ती चारी बाजूंनी लाकडी ठोकळ्यांवर चढवली.

लेक खुशीत होती. बाबा चालतात, तब्येत सुधारतेय, सगळं मनासारखं चाललंय. शनिवारी ती शिडी घ्यायला गॅरेजमध्ये आली आणि दंतवैद्य पकडले गेले.

ते गाडीत बसले होते. हात स्टिअरिंगवर, मांडीवर दुधाची पिशवी, आणि अंग एका बाजूला झुकलेलं, कारण मनातल्या मनात ते टेकडीच्या तिसऱ्या वळणावर होते.

"बाबा, काय करताय?"

"बसलोय."

"गाडी अशी अधांतरी का?"

"टायर झिजतात ना गं, ठमे."

"उभ्या गाडीचे?"

"आपली खबरदारी." त्यांनी पिशवी सावरली. "झिजले की विकायची म्हणालीस. मग मी झिजवतच नाही. चालवता नाही आली तरी घरात आहे, एवढं पुरे."

दावे तपासताना ती एक ओरखडासुद्धा सोडत नसे, पण घरात झालेलं हे नुकसान तिला दिसलंच नव्हतं. बापाला जपायला निघाले आणि त्यालाच ठोकळ्यांवर चढवून ठेवलं.

"उतरा," ती म्हणाली. "जॅक कुठाय? गाडी खाली घेऊ. मग पलीकडच्या सीटवर बसा, मी चालवते."

"तू? क्लच जड आहे हिचा."

"बसा, बाबा."

इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या हाती ती गाडी कधी दिली नव्हती. पहिल्या वळणावर लेक रांगली, दुसऱ्यावर जरा कमी. तिसऱ्यावर टायरांनी रस्ता धरला आणि ती खदखदून हसली. दंतवैद्यांनी ते हसू ओळखलं आणि दाराची कडी घट्ट धरली.

"हळू गं जरा."

"धरतेय की रस्ता."

रविवारी ते उठले तर खुंटीवर किल्ली नव्हती आणि गॅरेज रिकामं होतं. बाहेर भुरभुर पडून गेली होती. दंतवैद्य चपला घालून फाटकात येऊन उभे राहिले. रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली, एक टेम्पो गेला. तिसरं वळण त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. तिथे उभ्या उभ्या त्यांनी मनात गाडी दोनदा विकली, दुसऱ्यांदा तर फुकटच देऊन टाकली.

अखेर ती आली. लेकीचे केस विस्कटलेले, गाल लाल.

"हा काय वेळ झाला? एक फोन करायला काय होतं?" दंतवैद्य फाटकातूनच ओरडले. "इथे माणसाचा जीव टांगणीला लागतो."

लेकीने भुवया उंचावल्या. आपण तिचीच तक्रार तिला ऐकवली, हे दंतवैद्यांच्या ध्यानात आलं.

"दूध कुठाय?" त्यांनी विचारलं.

"विसरले."

त्यांनी पलीकडचं दार उघडलं आणि आत बसले. "चल, मी येतो बरोबर. आणि सांगून ठेवतो, हे टायर झिजले की विकूनच टाकायची ही गाडी. मला नाही सोसत हे."

"बघू," लेक म्हणाली, आणि कोपरा मागे टाकून तिने गाडी टेकडीकडे घेतली.