शून्यासुराचा पेंटर

सुखदेव पेंटरनं मला मारलं त्याला आता सहा वर्षं होतील. शनीच्या चौथ्या कड्यावर मी पाचवी 'ब'ची हजेरी घेत होतो. आकाशातून जाळं आलं, आणि मी सगळ्या पटासकट त्यात गेलो. शेवटच्या चौकटीत माझा चष्मा तेवढा एकटा तरंगताना दाखवला आहे. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. आमच्या मोहाडी गावातले बरेचसे लोक तोवर मरून गेले होते आणि मीच आपला मागे राहिलो होतो.

हे वाचून कुणी घाबरू नये. मारणारा सुखदेव नव्हता, शून्यासुर होता. शून्यासुर म्हणजे सुखदेवनं काढलेल्या चित्रकथेतला खलपुरुष. दोनशे पानी वह्यांमध्ये, बॉलपेननं आणि डब्यांत उरलेल्या रंगानं, त्याचे आजवर त्रेचाळीस भाग झाले आहेत. प्रत्येक भागाची प्रत एकच. ती चौकातल्या सलूनमध्ये ठेवलेली असते आणि दाढीला बसलेला माणूस ती वाचल्याशिवाय उठत नाही.

शून्यासुराचं चरित्र थोडक्यात असं. तो विश्वाच्या काठावरच्या एका काळ्या तलावात जन्मला. त्याच्याकडे तलवार नाही, बंदूक नाही. त्याच्याकडे जाळं आहे. ते तो गरगर फिरवून आभाळात फेकतो आणि एकेक ग्रह माणसांसकट ओढून घेतो. तो फिरतो त्या यानाला एसटीसारखी पाटी आहे, 'भंडारा–शनी, मार्गे तुमसर', आणि यान थांबवायला दोरीची घंटा आहे. पकडलेले सगळे ग्रह तो आकाशगंगेच्या पलीकडच्या काठावर नेऊन ठेवतो. तिथे मरण बसलेलं असतं. मरण म्हणजे एक बाई. डोक्यावरून पदर, वाचणाऱ्याकडे पाठ. शून्यासुर तिच्यामागे ग्रहांचा ढीग लावतो आणि म्हणतो, "आता तरी पाय ना इकडं." ती पाहत नाही. भाग संपतो.

सुखदेव माझा शेजारी. त्याच्या घरचे पिढ्यानपिढ्या तलावात जाळं टाकणारे. यानं जाळं सोडलं आणि कुंचला धरला. तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या मागचे 'आईची कृपा' हे सगळं एके काळी त्याच्या हातचं होतं. मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. एकच काम त्याच्याकडे राहिलं, चौकातला काळा फळा. गावात कुणी गेलं की त्यावर 'दुःखद निधन' लिहायचं, खाली वेळ लिहायची आणि बाजूला माणसाचा चेहरा काढायचा. सकाळी गेलेल्या माणसासाठी भंडाऱ्याहून फ्लेक्स छापून येईस्तोवर दुपार होते. सुखदेव अर्ध्या तासात चेहरा उतरवतो, तोही आधार कार्डावरच्या फोटोवरून. ज्या फोटोत खुद्द माणसाला स्वतःची ओळख पटत नाही, त्यावरून.

या कामानं त्याला एक खोड लागली. तो जिवंत माणसाकडेही एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून, माप घेत पाहतो. परगावचा माणूस यानं हमखास बिथरतो. त्यावर सुखदेव शांतपणे म्हणतो, "टेन्शन नोका घेऊ जी. तुमचा नंबर लावून देतो."

हे नंबर लावणं सुरू झालं एका चुकीपासून. पंधरा वर्षांपूर्वी सलूनमध्ये कुणाचा तरी फोन आला, "आपला मारोती गेला." गावात मारोती दोन. सुखदेवला जो आठवला त्याचं नाव त्यानं फळ्यावर लिहिलं, झुपकेदार मिशांसकट चेहरा काढला. लोक हातातली कामं टाकून मारोतीच्या घरी पोचले, तर मारोती ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. गेलेला दुसरा. मारोतीच्या बायकोनं सुखदेवला चौकापर्यंत काय काय ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. पण म्हातारी मंडळी म्हणाली, जाऊ दे, मेल्याची खोटी बातमी आली की माणसाचं आयुष्य वाढतं.

आणि वाढलं. मारोतीबुवा आज नव्वदीच्या पुढे आहेत आणि सायकलनं बाजाराला जातात. बायकोही नंतर मवाळ झाली. गावानं यातून जो अर्थ काढायचा तो काढला. सुखदेवच्या हातचं मरण लाभतं. फळ्यावर तर रोज खोटं लिहिता येत नाही. मग लोकांनी शून्यासुराला धरलं.

"पेंटर, माह्या मायले मारून दे ना जी. खोकला जाऊन नाही राहिला तिचा."

"मारतो ना. उद्या मारतो. आज निळा रंग खतम झाला."

हा संवाद चहाच्या टपरीवर, भरदिवसा, पुण्याकडून नुकतेच बदलून आलेले एक साहेब ऐकत होते. ते त्याच दिवशी माझ्या घरी आले, दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "गुरुजी, तुमचे शेजारी सुपारी घेतात का हो?" मी त्यांना सलूनमध्ये नेऊन भाग सतरा वाचायला दिला. चार महिन्यांनी तेच साहेब स्वतःच्या वडिलांचा फोटो घेऊन सुखदेवच्या दारात उभे होते.

मी मराठीचा शिक्षक. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, हे मी सुखदेवला अनेकदा सांगितलं. तो म्हणायचा, "नोका ठेवू. पण चष्मा तेवढा नीट बसवा गुरुजी, माप घेऊन राहिलो."

आता यशोदाबाईंविषयी सांगायला हवं. त्या सुखदेवच्या बायको. आठवडी बाजारात टोपलीतून मरळ मासे आणि झिंगे विकायच्या. तोंडानं फटकळ, पण लहान मूल पाहिलं की दोन झिंगे जास्त. मूलबाळ झालं नाही. त्याचा सल असेल तर त्या दोघांनी तो कुणाला दाखवला नाही. सुखदेवची चित्रं त्यांना आवडायची, पण एक तक्रार होती. ती त्या कुंपणापलीकडून मलाच ऐकवायच्या.

"पाहा ना गुरुजी, बाजारातल्या साऱ्या बाया मेल्या. मीच राहिली. आपल्याच घरच्या माणसाले मी दिसत नाही."

सुखदेव म्हणायचा, "पुढच्या भागात." पुढचा भाग यायचा आणि त्यात तलाठी मरायचा, पोस्टमन मरायचा. यशोदाबाई नसायच्या.

सात वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याला नेलं, चौथ्या दिवशी त्या गेल्या. फळ्यावर सुखदेवनं नाव लिहिलं, वेळ लिहिली. चेहऱ्याची जागा रिकामी सोडली. तेराव्या दिवसानंतर एकदा तो माझ्या ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, "गुरुजी, माही चूक झाली. किती डाव वही घेतली, तिचं तोंडही काढलं. पण जाळं काढाले गेलो का हात थांबे. वाटे, कायले इचं मरण काढाचं? आपली येसू हाये." त्याची समजूत घालावी असं एकही वाक्य मला सुचलं नाही. बत्तीस वर्षं मी मुलांना निबंध शिकवले.

त्यानंतर शून्यासुर सुटलाच. दोन वर्षांत त्यानं मोहाडी संपवली. घरामागून घर, बाया, म्हातारे, पोरं, आणि भाग तीसमध्ये मी. ती पाठमोरी बाई त्याच सुमारास चित्रकथेत आली. तिच्या शेजारी नेहमी एक टोपली असते. ती माशांची आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी शिक्षक असलो तरी चित्र वाचायला मला वेळ लागतो.

एकदा मी त्याला विचारलं, "अरे, तुझा शून्यासुर तिला खूश करायला जग मारतो. आणि तू म्हणतोस यानं लोकांचं आयुष्य वाढतं. मग तिला तू फसवतोस की काय?"

"फसवतोच ना जी. तिच्यापाशी ढीग आणून ठेवतो. सांगतो, घे, हे सारे आले. ती मोजतच नाही. मंग खरं न्याले कोणी येत नाही." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "तिले समजते खोटं हाये म्हणून. बाजारातही समजे. पण चालवून घेते."

गेल्या वर्षी सुखदेवला शिडीवर धाप लागायला लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचं ऑपरेशन, आणि महिन्याच्या आत. तो परत आला आणि काही झालंच नाही अशा थाटात निळ्या रंगाचा डबा ढवळत बसला. सलूनमध्ये मात्र सभा भरली. शून्यासुराला सुखदेवचंच नाक आहे, सुखदेवचेच पुढे आलेले कान आहेत, हे सगळ्या गावाला ठाऊक. तेव्हा पुढच्या भागात शून्यासुर मेला पाहिजे असा ठराव झाला आणि तो घेऊन मला पाठवण्यात आलं.

सुखदेवनं ऐकून घेतलं. "तो मेला तं बाकीच्यायले कोण मारन?"

"बाकी आहेच कोण? सगळे मेलेत."

"असंच म्हना." त्यानं कुंचला पुसला. "खरं सांगू का गुरुजी? मले नाही वाढवाचं. कायले वाढवाचं? इकडं सयपाक मलेच करा लागते. तिकडं वळखीचं माणूस हाये."

मी चिडलो. माणसानं जगाला आयुष्यं वाटावीत आणि स्वतःसाठी असं बोलावं याचा मला राग आला. मी म्हणालो, तू स्वार्थी आहेस. आणि दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या पोळ्या मात्र आमच्याकडूनच जात होत्या, त्यामुळे माझ्या रागाला फारसं वजन आलं नाही.

त्याच दिवसांत माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी झाली. बारशाला सुखदेव आला, पाळण्यापाशी उभा राहिला, एक डोळा मिटला आणि अंगठा पुढे धरला. माझी मुलगी मोहाडीत वाढलेली. ती म्हणाली, "काका, छान मारा हं हिला." नाशिकच्या आमच्या जावयांच्या घशात पेढा अडकला. त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत जेवणं निवली.

सुखदेव वही घेऊन बसला. एक दिवस गेला, दोन गेले. खिडकीतून मला तो दिसायचा, पुढे कोरा कागद आणि हात मांडीवर. आठव्या दिवशी सकाळी तो आला. वही काखेत. चेहरा उतरलेला. मला वाटलं छातीत दुखतंय.

"गुरुजी, पोट्टी मरून नाही राहिली."

मी वही उघडली. पानावर पाळणा होता, पाळण्यात मूठ आवळून झोपलेली माझी नात होती. जावळ, कपाळावरचं गंध, सगळं हुबेहूब. वर शून्यासुर उभा होता. त्याचे हात रिकामे होते. जाळं काढलेलंच नव्हतं.

"हात थांबते," तो म्हणाला. "येसूच्या वक्ताले थांबला होता तसाच."

तो घाबरला होता. इतक्या वर्षांत मी त्याला घाबरलेला पाहिला नव्हता. मी विश्वास न ठेवणारा माणूस, पण मी ते पान घाईनं मिटलं. मग मी जे सुचलं ते बोललो. "आज होत नसेल तर उद्या काढ. महिन्यानं काढ. ती बोलायला लागली, चालायला लागली, की काढ. पण त्यासाठी तू इथे पाहिजेस. तू तिकडे जाऊन बसलास तर हिचा नंबर कोण लावणार?"

त्यानं वही परत काखेत मारली. मग म्हणाला, "येसूनं विचारलंच असतं. गुरुजीच्या नातीचं काय केलं म्हणून. काय सांगतलं असतं?"

दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीनं नागपूरला जायचं ठरलं. ते ठरताच आम्ही दोघं लगेच चौकात आलो. शून्यासुराला मारायला त्याचा हात धजत नव्हता आणि स्वतःचं नाव त्या फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिता येत नाही म्हणाला. तेव्हा कुंचला माझ्याकडे आला. तो पांढऱ्या रंगाचा डबा धरून बाजूला उभा राहिला आणि मला शिकवू लागला. ओळ सरळ ठेवा. रंग कमी घ्या, ओघळून राहिला.

मी लिहिलं, 'सुखदेव पेंटर यांचे दुःखद निधन.' खाली लिहिलं, 'अंत्ययात्रा उद्या सकाळी दहा वाजता.'

"दहाची गाडी हाये गुरुजी. बारा करा."

मी खोडून दुपारचे बारा केले. मारोतीबुवा सायकलवरून चालले होते, ते उतरले, फळा सबंध वाचला, "बरं झालं जी," म्हणाले आणि बाजाराकडे गेले.

चेहरा मला जमण्यासारखा नव्हता, तो आम्ही सोडून दिला. शेवटची ओळ राहिली. 'त्यांच्या मागे' एवढं लिहिलं आणि माझा हात थांबला. इथे लोक पत्नी लिहितात, मुलं-सुना लिहितात, मोठा परिवार लिहितात. सुखदेव डब्यातल्या रंगाकडे पाहत राहिला.

मी लिहिलं, 'एक नात आहे.'

त्यानं ती ओळ वाचली. एक डोळा मिटून, अंगठा धरून, लांबून पुन्हा वाचली. नाक ओढलं. मग जवळ येऊन डबा माझ्यापुढे केला.

"नाव लिवा ना तिचं," तो म्हणाला. "नाही तं लोकायले खोटं वाटन."

मी कुंचला बुडवला आणि लिहिलं, 'अन्वी, वय एकवीस दिवस.'