सिद्रामप्पांचं लक्ष पायाकडे

सिद्रामप्पांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, पाय राहतो. हुमनाबादच्या बसस्टँडसमोर त्यांचं चपलांचं दुकान आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं. इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही ते मला नावानं हाक मारत नाहीत. "ए नऊ नंबर, चहा घेतोस का?" असं विचारतात. तहसीलदारसाहेब त्यांच्या लेखी 'आठ नंबर, डावा जरा मोठा'. याहून जास्त ओळख ठेवायची त्यांना गरज वाटलेली नाही.

एकदा एक पुढारी मतं मागायला दुकानात आले. त्यांनी वाकून नमस्कार केला. अप्पांनी त्याहून खाली वाकून त्यांचे बूट पाहिले आणि म्हणाले, "अण्णा, टाच एकाच बाजूनं घासायलीय. असा मानूस जागेवर टिकत न्हाई बगा." निवडून आल्यावर पुढाऱ्यांनी महिन्याभरात पक्ष बदलला. हुमनाबादेत हे भाकीत कुणीही करू शकलं असतं, पण अप्पांना तेव्हापासून आपल्या शास्त्राचा भयंकर अभिमान.

पुतणीसाठी मुलगा बघायला कमठाण्याला गेले, तेव्हा सगळे आत उप्पीट खात होते आणि हे दाराबाहेर मुलाच्या चपला उलट्या करून बघत होते. "अंगठ्याखाली भोक पडलंय. पोरगं हट्टी हाय." स्थळ मोडलं. अप्पांच्या स्वतःच्या चपला उलट्या करून बघायची हिंमत मात्र घरात कुणालाच नव्हती.

तर अख्ख्या तालुक्याचे पाय पाठ असलेल्या या माणसाला घरातला एक पाय तेवढा दिसत नव्हता.

त्यांच्या बायकोला, महानंदा अक्कांना, साखरेचा आजार. त्यात उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पुढं कलबुर्गीहून नकली पाय करून आणला. अक्का हरखून म्हणाल्या, "आता मी दुकानापत्तर चालत येते." अप्पांनी तो पाय खोक्यात घातला आणि खोकं माळ्यावर टाकलं. "पावसाळा सरू दे, घसरशील." पावसाळा सरला. "थंडीत अंग आखडतंय." थंडीही सरली. "उन्हाळ्यात घामानं सुटल ते." आपल्याकडे आणखी एखादा ऋतू असता, तर अप्पांनी त्यालाही कामाला लावलं असतं. अक्का दाराजवळच्या खुर्चीत बसून रस्ता बघायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "मला चालायचंय की रे. ह्येंनाच काय झालंय, कळंना."

अशात चपलांच्या कंपनीनं माल चांगला खपवला म्हणून डीलरांना कंबोडियाची सहल दिली. दोन माणसांची.

"खोकं काढा. मी येते," अक्का म्हणाल्या.

"इमानतळावर तपासायला काढ म्हनत्याल. चारचौघांत शोभा कामून?"

संध्याकाळी अप्पा माझ्या दुकानात आले. "नऊ नंबर, तुझा पासपोर्ट हाय ना?" होता. दुबईच्या नोकरीसाठी काढलेला. नोकरी आली नाही, पासपोर्ट राहिला. अशा रीतीनं अक्कांच्या जागेवर मी कंबोडिया पाहिला.

अप्पा तिथं सगळ्यांशी आपल्या दखनीत बोलत. समोरच्याला कळलं नाही की तेच वाक्य मोठ्यानं म्हणत. "अरे भाई, मिर्ची नक्को बोला ना!" जगप्रसिद्ध देवळाबद्दल त्यांचं मत एवढंच, की चप्पल घालून आत सोडतात, ते कसलं देऊळ.

परतायच्या आदल्या दिवशी जेवणाला उशीर होता, म्हणून टूरवाल्यानं आम्हाला भूसुरुंगांच्या संग्रहालयात सोडलं. भुकेल्या व्यापाऱ्यांना रमवायला याहून प्रसन्न जागा त्याला सुचली नसावी. लातूरकडच्या एका डीलरानं निकामी बॉम्बच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. दुसऱ्यानं इथं शॉपिंग कुठं आहे, असं विचारलं.

आत काचेमागं सुरुंग मांडून ठेवले होते. माहिती सांगणारी बाई पन्नाशीची, पायघोळ घागऱ्यातली. ती तिच्या भाषेत सांगायची आणि टूरवाला आम्हाला हिंदीत. लढाई केव्हाच संपलेली. करणारे घरी गेले, म्हातारे झाले, मेलेही. सुरुंग मात्र जमिनीत इमानानं ड्यूटीवर. भात लावायला आलेली बाई, सरपणाला आलेलं पोर, सगळे त्यांना सारखेच.

अप्पा एका काचेपुढं खिळले. "पालिशच्या डबीएवढं तर हाय. ह्येच्यानं मानूस मरतंय?"

बरेचदा मरत नाही, टूरवाल्यानं सांगितलं. मेला तर एकच माणूस कमी होतो. पाय गेला तर त्याला उचलायला आणखी दोघं अडकतात. म्हणून बेतानंच दारू भरायची. इतका पक्का धंदा आमच्या बाजारपेठेतल्या एकालाही कधी जमलेला नाही.

अप्पांनी सवयीनं बाईंच्या पायाकडं पाहिलं आणि मी देवाचा धावा सुरू केला. उपयोग झाला नाही. "बाई, तुम्हारा ये उजवा पाँव खोटा है क्या?" तेही मोठ्यानं, बोट दाखवून.

टूरवाला लाल झाला. बाईंना मात्र बोट कळलं. त्या हसल्या आणि घागरा जरा वर केला. रबरी पाय, त्यावर साधी पट्ट्याची चप्पल. लहानपणी बापाच्या शेतातच गेला होता खरा पाय. अप्पा तिथंच उकिडवे बसून पट्टा निरखायला लागले. बाईंनी काहीतरी विचारलं.

"कशासाठी बघताय, म्हणतात," टूरवाला म्हणाला.

"घरी बायकोला हाय असा."

"त्या चालतात का?"

अप्पांनी पट्ट्यावरून नजर काढली. मग म्हणाले, "न्हाई. मी चालू देत न्हाई."

टूरवाल्यानं ते त्यांना सांगितलं. बाईंचं हसू गेलं. अप्पा उठून तडक बाहेर गेले.

मी बाहेर आलो तेव्हा ते झाडाखालच्या बाकावर बसले होते. माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "पाय जायच्या आदल्या दिवाळीला नवी चप्पल मीच दिली रे तिला. दुकानातली भारीतली. चावायलीय म्हनली. मी म्हनलं, नवी हाय, चावतीच, सवय हुईल. माझा शब्द म्हनून घालत राह्यली. साखरेनं पाय बधीर, कळलंच न्हाई तिला. त्या डबीएवढा बी नव्हता फोड." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मी समद्या गावाचे पाय बघायलो आन् हितं ह्ये. ते खोकं उघडलं की मला तीच चप्पल दिसती."

मला त्यांची दया आली आणि अक्कांसाठी रागही आला. पुढं बस हॉर्न वाजवत होती. जेवण तयार झालं होतं.

हुमनाबादला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांचं दुकान उघडलं नाही. दहा वाजले, तशी मी घरी डोकावलो. खोकं रिकामं पडलं होतं. अक्का खुर्चीत, अप्पा खाली जमिनीवर, पायाचे पट्टे आवळताना.

"चावायलंय का?"

"न्हाई."

"खरं सांग."

"जरासं."

त्यांनी तिथल्या तिथं पट्टे सोडले, आत मऊ फडकं घातलं, पुन्हा हलक्या हातानं आवळले. "उद्या कलबुर्गीला जाऊ. नीट बसवून घिऊ. चावलं की सांगायचं, सोसायचं न्हाई. आयकलीस का?"

अक्कांनी त्यांच्या डोक्यावर हात टेकला आणि जोर लावून उभ्या राहिल्या. डुलल्या, सावरल्या. अप्पांनी दोन्ही पाय, खरा आणि खोटा, गच्च धरून ठेवले होते. मान खाली, आणि खांदे हलत होते.

अक्कांना मी दारात दिसलो. "बघ रे," त्या म्हणाल्या, "मी उठले, आन् आता ह्येच बसल्यात."