चालू पड

गोरेगावहून सेनगावला निघालेल्या जीपमधून आमच्या शेजारचे दगडूतात्या अर्ध्या वाटेत उतरले, ते एका शब्दापायी. रस्त्याकडेच्या रानाकडं बोट करून कुणी पाहुणा म्हणाला, "हे बरडच दिसतंय." तात्यांनी जीप थांबवली आणि उरलेली वाट भर उन्हात पायी तुडवली.

खरं तर बरड हा शब्द तात्यांच्याच तोंडी सगळ्यात जास्त. बरड म्हणजे मुरमाड, खडकाळ जमीन. नांगर टेकला की खण्णकन वाजणारी. तात्या तो कशालाही लावतात. आलं न घातलेला चहा बरड. सरपंचाचं भाषण बरड. जावयाचं टक्कल बरड. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. पेढे द्यायला गेलो, तर गुणपत्रिका उलटीसुलटी बघून म्हणाले, "बी.ए. झालास, ब्येस झालं. पन अक्षर लई बरड हाय तुझं."

गुणपत्रिका छापील होती.

फक्त त्या रस्त्याकडेच्या दोन एकरांना तो शब्द लावायचा नाही. जमीन बरडच आहे. मीही शेतकऱ्याचाच पोरगा, मला कळतं. तात्या रोज तिथं जातात आणि येताना डब्याच्या पिशवीतून एक दगड आणतात. दारापुढं ढीग झालाय. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून अख्खी गल्ली तिथूनच दगड नेते.

"तात्या, येवढे दगड येचता, मंग पेरत काहून न्हाई?"

"माझं हाय का ते?"

ते नामदेवकाकांचं, म्हणजे तात्यांच्या धाकट्या भावाचं. वाटणीला चिठ्ठ्या टाकल्या, त्यात त्यांच्या वाट्याला हा तुकडा आला. "मला बरड देलं. आता हे बी तूच पेरून खाय," असं म्हणून ते पुण्याला गेले, ते परत आलेच नाहीत. तिथं एक दाणा जरी पेरला, तरी नामाचं बोलणं खरं होईल, असं तात्यांना वाटतं.

सातबारा अजून दोघांच्या नावावर आहे. यंदा मोबाइलवर पीक पाहणी भरायला तात्या मला त्या रानात घेऊन गेले. पडीक जमिनीसाठी दोन पर्याय होते: चालू पड आणि कायम पड.

"यंदापुरतं पेरलं नसंल तर चालू," मी समजावलं. "वर्षानुवर्षं पडून असंल तर कायम. तुमचं कायम होतंय, तात्या."

तात्या बांधावर खालीच बसले. "कायम काहून? येऊन राहिला न तो."

"कवा?"

"ते त्याला म्हाईत. तू चालू टाक."

नियमानं ते चूक होतं. मी चालू टाकलं.

मग फोटो काढायचा होता. मोबाइलकडं वाकून बघत तात्यांनी विचारलं, "हे नामाला पुन्यात बसून दिसंल का रे?"

सातबारा दिसतो; फोटोचं मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेल्या गोष्टीला मी कधी हो म्हणत नाही. शिकलेल्या माणसानं म्हणूही नये.

"व्हय तात्या. दिसंल."

"मंग थांब जरा."

लगबगीनं पुढं जाऊन त्यांनी समोरचा एक दगड उचलला, पिशवीत टाकला आणि येऊन माझ्या पाठीमागं उभे राहिले.

"तात्या, तुमी बी उभे राहा की समोर."

"मी नको त्यात," ते म्हणाले. "त्याला निस्तं रान दिसू दे."