सुमंतरावांचं फ्रेंच

राजूरच्या वाचनालयात सिनेमा सुरू व्हायला पाच मिनिटं उरली होती आणि पडद्यावर खाली संवादांच्या इंग्रजी ओळी काही उमटत नव्हत्या. सुमंतरावांनी लॅपटॉपची दिसतील ती बटणं दाबून पाहिली. निवेदितानं, त्यांच्या मुलीनं, पुण्याहून पाठवलेल्या पेन ड्राइव्हमध्ये सिनेमा तेवढा आला होता, ओळींची फाइल तिकडेच राहिली होती. सिनेमा फ्रेंच, नव्वद वर्षांपूर्वीचा. चित्रपटांना नुकतीच वाचा फुटली होती, त्यामुळे त्यातली सगळी माणसं एकाच वेळी बोलायची.

समोर चाळीस माणसं बसलेली. सुमंतरावांच्या फिल्म क्लबचा हा पहिलाच खेळ. तो रद्द झाला असता तर दुसऱ्याला कोणी फिरकलं नसतं. शेवटी ग्रंथपाल कानिफनाथांनी उभं राहून जाहीर केलं, की सरांना फ्रेंच येतं, तेच समजावून सांगतील.

सरांना फ्रेंच येत नव्हतं. तरुणपणी पुण्यात चार महिने वर्ग करून त्यांनी तो सोडला होता. पण शाळेत इंग्रजी शिकवताना त्याचा विषय निघायचा, आणि पस्तीस वर्षांत गावानं त्या चार महिन्यांची पदवी करून टाकली होती. त्यांनीही ते कधी खोडून काढलं नव्हतं. सुमेधाताईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

पडद्यावर एक जाडा माणूस घरात शिरला आणि एका बाईशी हळू आवाजात बोलू लागला. हा तिचा भाऊ, परगावाहून आलाय, असं सरांनी ठोकून दिलं. पाच मिनिटांनी भावानं बहिणीचं चुंबन घेतलं. सर घाईनं म्हणाले, तिकडे तशी पद्धत असते. तेवढ्यात दार वाजलं आणि भाऊ कपाटात लपला. म्हणून सरांनी त्याच्यावर वॉरंट काढलं. मग दारातून आलेल्या टकल्याला पोलीस करणं भाग पडलं. पोलिसानं कोट खुंटीला अडकवला, सपाता घातल्या आणि जेवायला मागितलं. मागोमाग एक म्हातारी आणि बाजा वाजवणारे दोघं आत आले, आणि सगळे एकमेकांवर ओरडायला लागले.

"सर, पोलीस जेवाया का बसला?" पुढच्या रांगेतल्या कारभारींनी विचारलं.

सर पुन्हा लॅपटॉपची बटणं चाचपू लागले. बाजावाल्यांचं काय करायचं हेही त्यांना सुचत नव्हतं.

"त्यो पोलीस न्हाई, नवरा हाय," मागून भिंतीकडून आवाज आला. बाजारात अंडी विकणारी रंगुबाई बोलत होती. "आन् कपाटातला भाऊ न्हाई."

सगळं वाचनालय हसलं. पुढचा सिनेमा रंगुबाईनंच सांगितला. आता बाई थाप मारतीया, म्हातारीला समदं ठाऊक हाय पर ती मजा बघतीया, असं ती सांगायची आणि तसंच घडायचं. सर सुमेधाताईंशेजारी जाऊन बसले. खेळ सुटल्यावर लोक हसत गेले. सरांना कोणी काही बोललं नाही, तेच त्यांना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी फाइल आली. सरांनी एकट्यानं सिनेमा पाहिला. रंगुबाईचं जवळजवळ सगळं बरोबर होतं, म्हातारीचं धरून.

बाजाराच्या दिवशी ते तिच्या टोपलीपाशी गेले आणि आपल्याला फ्रेंच येत नाही, हे पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. तिला ते कळलंच होतं. पण तुला सिनेमा कसा समजला, असं सरांनी विचारलं, तेव्हा रंगुबाईनं इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला.

"मला पडदा दिसतोय कुटं सर? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. निस्तं ऐकत हुते. बाई नवऱ्याशी कशी बोलती आन् दुसऱ्याशी कशी, ते कळाया भाषा कशाला लागती?"

मग तिनं विचारलं, "पर शेवटाला लई वेळ कुनी बोललंच न्हाई, आन् समदे पोट धरून हसत हुते. तवा काय चाललं हुतं?"

सर टोपलीशेजारी उकिडवे बसले. नवरा गच्चीच्या शिडीवर, त्याच्या खांद्यावर तो जाडा, अंधारात दोघांनाही एकमेकांची ओळख नाही, आणि वरून म्हातारी शिडी हळूच हलवतेय, असं ते हातवारे करून सांगू लागले. अंडी घ्यायला आलेली दोन माणसं थांबून ऐकत राहिली, आणि रंगुबाई डोळे मिटून, पदर तोंडाला लावून हसत होती.