सासऱ्यांनी जावयाला न्याहारीला नेलं

जावयाला न्याहारीला नेण्याचं लेआंद्रोनं कबूल केलं ते मंगळवारी दुपारी, तोंडात मासळीचा घास असताना. विचार करायला सवड मिळाली नाही.

जावई वाउटर हॉलंडचा. लेक एस्त्रेया हिनं उत्रेख्तला नोकरी धरली आणि वर्षभरात नवराही धरला. आता तो तिच्याबरोबर पहिल्यांदाच आठ दिवस सासुरवाडीला, मलागाला, आला होता. उंच इतका, की जेवायला उठता-बसता त्याचं डोकं दिव्याला लागायचं आणि तो दिव्याची माफी मागायचा. स्पॅनिश पुस्तकावरून शिकलेला. शब्द बिनचूक, स्त्रीलिंग-पुल्लिंग मात्र देवाच्या हवाली.

"मलागाचा माणूस सकाळी कुठे खाते?" त्यानं विचारलं.

"ते माझ्याकडे लागलं," लेआंद्रो म्हणाला. "उद्या दहाला निघू. अशी जागा दाखवतो, की पर्यटकांच्या बापालाही सापडायची नाही."

"म्हणजे कोस्मेकडे," बायको आंगुस्तियास म्हणाली. "बावीस वर्षांत दुसरं दार पाहिलंय का यांनी?"

लेआंद्रो मासळीतले काटे शोधू लागला. कारण तीन आठवड्यांपूर्वी लेआंद्रोचं कोस्मेशी वाजलं होतं. लेआंद्रोनं भाजलेला पाव चावता चावता सहज विचारलं होतं, "तेल बदललंस का रे?" कोस्मे पेला पुसत म्हणाला, "तेल माझ्या मेहुण्याच्या गावचंच आहे. तुझी जीभ बदलली असेल." गिऱ्हाइकं हसली. लेआंद्रो अर्धा पाव टाकून उठला. तेव्हापासून नगरपालिकेतला हा जुना कारकून कचेरीमागच्या बाकावर बसून बिस्किटं खात होता. घरी अक्षर बोलला नव्हता. (अठ्ठावन्नाव्या वर्षी तेलावरून भांडलो, हे बायकोला कसं सांगणार?)

बुधवारी दहाला सासरा-जावई निघाले. कोस्मेचा 'ला पारा' बार जवळ येताच लेआंद्रोनं रस्ता ओलांडला.

"ती बार छान दिसतो," वाउटर म्हणाला.

"बुधवारी बंद असतो."

दारात चार माणसं कॉफी पीत उभी होती. वाउटरनं मान डोलावली. तो सभ्य माणूस होता.

पहिली जागा कॅथेड्रलजवळची. लेआंद्रोनं दहा वर्षांपूर्वी तिची तारीफ ऐकली होती. मध्यंतरी तिथे मखमली खुर्च्या आल्या होत्या. वेटरनं लेआंद्रोकडे पाहिलं आणि पदार्थांचे फोटो असलेलं कार्ड पुढे करून इंग्रजीत काहीतरी विचारलं.

"मी इथलाच आहे," लेआंद्रो म्हणाला.

"हो का? छान," वेटर म्हणाला आणि कार्ड तसंच ठेवून गेला.

लेआंद्रोनं निम्मं दूध, निम्मी कॉफी मागितली. आली ती वर फेसाचं बदामी हृदय घेऊन. सासऱ्यानं ते हृदय चमच्यानं मोडलं आणि जावयाला उठवलं.

दुसऱ्या ठिकाणी रांग होती आणि रांगेतल्या प्रत्येकाजवळ चाकांची बॅग होती. तिसरं ठिकाण चुर्रोचं, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्यांचं. तिथे पोचेपर्यंत सव्वाअकरा वाजले आणि कढईखालचा गॅस बंद झाला होता.

"असे दिवस असतात," लेआंद्रो म्हणाला. त्याचे पाय दुखत होते आणि पोटात कावळे ओरडत होते.

"मला एक जागा माहीत आहे," वाउटर अगदी संकोचानं म्हणाला. "चालेल का?"

लेआंद्रोला हसू आलं. चार दिवसांचा पाहुणा मलागात जागा दाखवणार. पण पायांनी होकार दिला. वाउटर दोन बोळ वळला, एका मंडईतून आरपार गेला आणि एका दारात वाकून शिरला. लेआंद्रो पाठोपाठ शिरला, तेव्हा उशीर झाला होता. तो 'ला पारा'च्या मागच्या दारातून आत आला होता.

"वाउटर, आज उशीर?" कोस्मे काउंटरमागून म्हणाला. "सावली ना?"

सावली म्हणजे दूध जास्त, कॉफी कमी. रजेवरचे सासरे नऊपर्यंत घोरत असताना जावईबापू रोज आठला इथे येऊन सावली पीत होते.

मग कोस्मेला लेआंद्रो दिसला. दोघांनीही भिंतीकडे पाहिलं.

"तुझ्या सासऱ्यांना विचार, काय घेणार," कोस्मे म्हणाला.

वाउटरनं वळून विचारलं, "तुम्ही काय घेणार?"

"मी ऐकलंय," लेआंद्रो म्हणाला. "त्याला सांग, नेहमीचं."

"नेहमीची," वाउटरनं पोचवलं.

"नेहमीचं म्हणजे काय ते विचार. तीन आठवड्यांत माणूस विसरतो."

असं स्पॅनिशमधून स्पॅनिशमध्ये भाषांतर चाललं होतं आणि सगळा काउंटर मन लावून ऐकत होता. वाउटर घामाघूम झाला. पण पाव आला तो कडा जरा जास्त भाजलेला, किसलेला टोमॅटो वेगळ्या वाटीत, मीठ अगदी चिमूट. यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. लेआंद्रोनं तेल ओतलं, एक घास खाल्ला, आणि लगेच दुसराही.

"त्याला सांग," तो शेवटी म्हणाला, "तेल चांगलं आहे."

"यांना सांग," कोस्मे पेला पुसत म्हणाला, "मधले दोन महिने खरंच दुसरं होतं. मेहुण्याचं पीक बुडालं. हे जुनं, गेल्या आठवड्यात आलं."

वाउटरनं तोंड उघडलं.

"राहू दे," लेआंद्रो म्हणाला. "कळलं."

त्यानं दुसरा पाव मागितला, थेट कोस्मेकडेच. कोस्मेनंही तो थेट त्यालाच दिला. घरी जाताना लेआंद्रोची छाती दोन बोटं फुगली होती. आपल्या जिभेचा मान राहिला, आणि कोस्मेला बावीस वर्षांचं गिऱ्हाईक परत मिळालं. बिचाऱ्यानं किती वाट पाहिली असेल.

रविवारी लेक-जावई गेले. सोमवारी लेआंद्रो ठरल्या वेळी 'ला पारा'त गेला. कोस्मेनं न विचारता कॉफी पुढे ठेवली आणि त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहत राहिला.

"एकटाच?"

"एकटाच. ते गेले काल."

"परत कधी येणार वाउटर?"

"नाताळात."

कोस्मेनं सुस्कारा सोडला.

"बरं," तो म्हणाला, "तोवर तू येत जा."